उपग्रहाचे दप्तर आणि त्याची रंगीत तालीम

उपग्रह अवकाशात सोडला जातो तो क्षण नजरेत भरणारा असतो, आणि म्हणूनच वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर अग्निबाणाच्या ज्वाळांना जागा मिळते. परंतु त्या ज्वाळा विझल्यानंतर पुढे कित्येक वर्षे त्या उपग्रहाचा कारभार ज्या कचेरीतून चालतो, जिथून त्याला हुकूम सुटतात, जिथे त्याचे अहवाल येऊन पडतात, आणि या हुकुमांचा व अहवालांचा अष्टौप्रहर ताळमेळ घालीत बसलेली जी संगणकप्रणाली तिथे असते, तिच्याविषयी सामान्य वाचकाच्या कानी क्वचितच काही पडते. त्यातही विशेष हा की, ही कचेरी उड्डाणाच्या कितीतरी महिने अगोदर थाटली जाते, आणि जो उपग्रह अजून कारखान्यात सुट्या भागांच्या रूपाने पडून आहे त्याचा कारभार तिथली मंडळी अत्यंत गंभीर चेहऱ्याने, घड्याळाकडे पाहत, आणीबाणीचे प्रसंग निभावीत, हाकू लागलेली असतात. या विलक्षण उद्योगाचे स्वरूप युरोपने दिशादर्शनाच्या चाचणीसाठी सोडलेल्या दोन उपग्रहांच्या निमित्ताने पाहण्यासारखे आहे.

अमेरिकेच्या जीपीएसवर आणि रशियाच्या ग्लोनासवर विसंबून न राहता स्वतःची दिशादर्शक उपग्रहमाला उभारायची असा निश्चय युरोपने केला आणि तिला गॅलिलिओचे नाव दिले, तेव्हा पहिली अडचण यंत्रांची नव्हती, दप्तराची होती. उपग्रहाने कोणत्या कंपनलहरींवर बोलावे याचे वाटप आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमांनी होते, आणि जमिनीच्या बाबतीत नुसती सनद पदरी असून भागत नाही, ठरल्या मुदतीत प्रत्यक्ष वहिवाट दाखवावी लागते, तसाच येथेही कायदा आहे. युरोपच्या हक्काची मुदत जून २००६ मध्ये संपत होती. तोपर्यंत नेमलेल्या कक्षेतून, नेमलेल्या लहरींवर, एखाद्या उपग्रहाने तोंड उघडले नाही तर हक्क गेला, अशी परिस्थिती होती. म्हणून युरोपीय अवकाश संस्थेने जुलै २००३ मध्ये दोन निरनिराळ्या उपग्रहांची कंत्राटे एकाच वेळी दिली, हेतू हा की एकाला उशीर झाला तर दुसरा हाताशी असावा. पुढे हे दोन उपग्रह जिओव्हे-ए आणि जिओव्हे-बी या नावांनी ओळखले गेले.

पहिले कंत्राट सुमारे २ कोटी ८० लक्ष युरोंचे होते, आणि ते इंग्लंडातील गिल्डफर्ड या गावच्या सरे सॅटेलाइट टेक्नॉलॉजी या कंपनीला मिळाले. सरे विद्यापीठातील मार्टिन स्वीटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारात मिळणारे साधे इलेक्ट्रॉनिक भाग वापरून १९८१ साली एक छोटा उपग्रह तयार केला होता व तो यशस्वी ठरला होता. त्या प्रयोगातून १९८५ मध्ये ही कंपनी जन्मास आली. काटकसर हा तिचा कुळाचार. सुमारे ६०० किलोच्या जिओव्हे-एला कक्षेत हलवण्यासाठी तिने ब्यूटेन हा वायू वापरला, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातील गॅसच्या टाकीत जे इंधन मिसळलेले असते त्यातलाच एक घटक. २८ डिसेंबर २००५ रोजी बायकोनूरहून सोयूझ अग्निबाणाने हा उपग्रह उचलला आणि सुमारे पावणेचार तासांनी, जवळजवळ २३,००० किलोमीटर उंचीवर, त्याला मोकळे सोडले. त्या क्षणापासून त्याचा ताबा गिल्डफर्डच्या नियंत्रण कक्षाकडे आला. १२ जानेवारी २००६ रोजी त्याने आपला पहिला दिशादर्शक संदेश प्रक्षेपित केला आणि हक्काची वहिवाट मुदतीच्या आत सुरू झाली. दुसरा उपग्रह, जिओव्हे-बी, एप्रिल २००८ मध्ये गेला.

हे उपग्रह काय करीत होते, हे समजल्यावाचून त्यांच्या कचेरीचे काम ध्यानात यायचे नाही. दिशादर्शक उपग्रह हे मूलतः एक घड्याळ असते. ते सतत वेळ सांगत राहते, आणि आपल्या हातातील यंत्र चार किंवा अधिक घड्याळांचे बोल किती उशिराने आले हे मोजून आपला ठावठिकाणा काढते. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागात, सुमारे ३० सेंटिमीटर जातो; तेव्हा घड्याळ एवढेसे चुकले तरी हाताएवढे अंतर चुकते. त्यात आइनस्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे इतक्या उंचीवरचे घड्याळ पृथ्वीवरच्या घड्याळापेक्षा दररोज सुमारे ४१ मायक्रोसेकंद पुढे जाते. ही त्रुटी हिशेबात धरली नाही, तर एका दिवसाअखेर अंतराच्या मापनात १२ किलोमीटरांची तफावत पडेल. जिओव्हे-एमध्ये रुबिडियमची घड्याळे होती, जी दिवसाला दहा नॅनोसेकंदांच्या आत राहावीत अशी अपेक्षा. जिओव्हे-बीमध्ये त्यांच्या जोडीला हायड्रोजन मेसर बसवले होते, आणि त्याची अपेक्षित चूक दिवसाला एकच नॅनोसेकंद. अशा प्रकारचे घड्याळ त्यापूर्वी दिशादर्शनाच्या कामी कोणीही अवकाशात चालवले नव्हते.

आता कचेरीकडे वळू. उपग्रहाशी होणारा सारा व्यवहार दोन प्रवाहांत चालतो. वरून खाली येते ती टेलिमेट्री: बॅटरीचा दाब, सौरपंखांतून येणारा प्रवाह, घड्याळाच्या पेटीचे तापमान, टाकीतील इंधनाचा दाब, संगणकाची प्रकृती, अशी हजारो मोजमापे ठरावीक गतीने अखंड उतरत असतात. खालून वर जातो तो हुकूम, ज्याला तिथली मंडळी टेलिकमांड म्हणतात. या दोहोंच्या मध्ये बसलेल्या प्रणालीच्या पोटात एक भलीमोठी नोंदवही असते. कोणत्या आकड्याचा अर्थ काय, तो कोणत्या सूत्राने अंशांत किंवा व्होल्टमध्ये बदलायचा, त्याची मर्यादा कोठवर, कोणता हुकूम कोणत्या अवस्थेत देण्यास मनाई आहे, हे सर्व तीत लिहिलेले असते. मोजमाप मर्यादेच्या काठाशी आले की पडद्यावर ते पिवळे होते, मर्यादा ओलांडली की तांबडे. जर्मनीतील डार्मस्टाट येथील युरोपीय नियंत्रण केंद्राने स्कॉस-२००० या नावाची जी प्रणाली घडवली तिचे मर्म हेच की, प्रणालीचा गाभा एकच ठेवायचा आणि नव्या मोहिमेसाठी केवळ नोंदवही बदलायची. आपल्याकडे एका तालुक्याच्या कचेरीचा जाबता दुसऱ्या तालुक्यास लागू व्हावा, फक्त गावांची नावे बदलावीत, अशी ही सोय. प्रशासनाची ही बुद्धी मला स्वतःला यंत्रविद्येइतकीच कौतुकास्पद वाटते.

हुकूम सोडण्याची रीत तर पाहण्यासारखी असते. कार्यपद्धतीची पुस्तिका समोर उघडलेली असते आणि तिच्यातील ओळ नि ओळ क्रमांकित असते. एक जण पायरी वाचतो, दुसरा पडद्यावर रांगेत लावलेला हुकूम तिच्याशी ताडून पाहतो, आणि दोघांचे एकमत झाल्यावाचून कळ दाबली जात नाही. कळ दाबल्यावर त्या हुकुमापुढील चौकोन एकामागून एक भरू लागतात: हुकूम भूकेंद्रातून निघाला, उपग्रहाला पोचला, त्याने तो ग्राह्य धरला, अंमलास आरंभ केला, अंमल पुरा झाला. संदेश वर जाऊन उत्तर खाली यायला प्रकाशाच्या वेगाने सेकंदाचा पाचवा-सहावा हिस्सा पुरतो. चौकोन भरण्यास जो वेळ लागतो तो मुख्यतः यंत्रांच्या आपसातील शिष्टाचाराचा. एवढ्यावरही कामकाज संपत नाही. झडप उघडल्याची पोच आली म्हणून झडप उघडलीच असे कोणी मानीत नाही. इंधनाचा दाब उतरला काय, उपग्रहाची गती बदलली काय, असा दुसऱ्या एखाद्या स्वतंत्र मोजमापाचा पुरावा घेतल्याखेरीज पुस्तिकेतील त्या ओळीपुढे खूण होत नाही.

आणि हे सर्व ज्या मंडळींनी करायचे, त्यांनी ते पहिल्यांदाच खऱ्या उपग्रहावर करून कसे चालेल? येथे सिम्युलेटर येतो. पुष्कळांची समजूत अशी असते की सिम्युलेटर म्हणजे पडद्यावर फिरणारे उपग्रहाचे सुबक चित्र. वास्तविक त्यात चित्र नसलेच तरी बिघडत नाही. सिम्युलेटर हा असा एक कार्यक्रम असतो की, नियंत्रण कक्षाच्या तारेचे दुसरे टोक भूकेंद्राऐवजी त्याला जोडले असता, कक्षातील कोणालाही फरक कळू नये. तो हुकूम घेतो, पोच देतो, टेलिमेट्री पाठवतो. उपग्रह भूकेंद्राच्या क्षितिजाखाली गेला की तोही गप्प होतो. यासाठी त्याच्या पोटात पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण, चंद्रसूर्याची ओढ, सूर्यप्रकाशाचा अतिमंद दाब, ग्रहणकाळातील अंधार व थंडी, बॅटरीचे भरणे-रिते होणे, चाकांचे फिरणे, अँटेनांची दिशा, या प्रत्येकाचे गणिती प्रतिरूप बसवलेले असते. सर्वांत नाजूक भाग उपग्रहाच्या संगणकाचा. त्याचे वर्तन अदमासाने लिहून चालत नाही. म्हणून त्या संगणकाच्या प्रोसेसरचीच हुबेहूब नक्कल करणारा एक कार्यक्रम लिहितात, आणि त्यावर उपग्रहात जाणारे खरे सॉफ्टवेअर, एक अक्षरही न बदलता, चालवतात. म्हणजे शरीर मायावी आणि बुद्धी मात्र अस्सल. याचा दुसरा लाभ असा की, पुढे कधी वरच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती पाठवायची झाली, तर ती आधी या मायावी शरीरात घालून तिचे परिणाम पाहता येतात.

परंतु सिम्युलेटरची खरी योग्यता सर्व काही सुरळीत चालले असता कळत नाही. तो नीट बिघडला पाहिजे. उड्डाणाच्या आधीच्या महिन्यांत ज्या तालमी होतात त्यांत एक अधिकारी वेगळ्या खोलीत बसलेला असतो, आणि आज कोणता बिघाड घडवायचा हे त्याच्याखेरीज सहसा कोणास ठाऊक नसते. हा मनुष्य आपल्या सहकाऱ्यांत फारसा लोकप्रिय नसावा, असे वाटते.

अशा एका तालमीचे दृश्य कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. उपग्रह नुकताच अग्निबाणापासून सुटला आहे, सौरपंख उघडले आहेत, कक्षात किंचित सैलपणा आला आहे. इतक्यात बॅटरीचे एक तापमान पिवळे होते आणि मिनिटाभरात तांबडे. विद्युत विभागाचा तरुण अभियंता पुस्तिकेतील आणीबाणीचे पान काढतो, आणि बॅटरीची उबदारी राखणारा हीटर बंद करण्याची परवानगी मागतो. त्याच्या मागे उभा असलेला अनुभवी सहकारी त्याला थांबवतो आणि शेजारच्या दुसऱ्या तापमापकाकडे बोट दाखवतो. तो शांत आहे. हीटरकडे जाणारा प्रवाह पाहा, तोही वाढलेला नाही. बॅटरी तापली असती तर या दोघांनी तसे सांगितले असते. तेव्हा बॅटरी तापलेली नाही, तापमापक खोटे बोलतो आहे, आणि हीटर बंद केला असता तर पुढच्या ग्रहणात बॅटरी गोठण्याची पाळी आली असती. पलीकडच्या खोलीतील अधिकाऱ्याने त्या दिवशी बिघडवला होता तो एक तापमापक. तालीम संपल्यावर सर्व मंडळी एकत्र बसून त्या मिनिटाची रुजवात घालतात: पान कोणी काढले, का काढले, पुस्तिकेत त्या पानाच्या माथ्यावर ‘प्रथम शेजारचे मोजमाप पाहावे’ अशी ओळ का नव्हती. दुसऱ्या दिवशी ती ओळ तिथे लिहिली जाते. कधीकधी तो अधिकारी यंत्राऐवजी माणूसच बिघडवतो; ऐन प्रसंगी मुख्य अभियंत्याला आजारी ठरवून बाहेर बोलावतो, आणि दुय्यमाच्या हाती सूत्रे आल्यावर काय होते ते पाहतो.

तालमीत एखादी गोष्ट गृहीत धरून सोडून दिली तर काय अनर्थ होतो, याचा दाखला युरोपच्याच इतिहासात आहे. ४ जून १९९६ रोजी एरियन-५ हा नवा अग्निबाण आपल्या पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत फुटला आणि क्लस्टर मोहिमेचे चार वैज्ञानिक उपग्रह त्याच्याबरोबर नष्ट झाले. गणितज्ञ झाक-लुई लियोन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीत निघाले ते असे: दिशा राखणाऱ्या उपकरणाचे सॉफ्टवेअर जुन्या एरियन-४वरून तसेच्या तसे उचलले होते, नव्या अग्निबाणाचा आडवा वेग अधिक असल्याने त्यातील एक संख्या तिच्यासाठी राखलेल्या १६ बिटांच्या जागेत मावली नाही, मुख्य उपकरण आणि त्याचा राखीव जोडीदार, दोघेही एकाच कारणाने बंद पडले. जमिनीवरच्या चाचण्या झाल्या नव्हत्या असे नाही. त्या झाल्या, पण त्यांत खऱ्या उपकरणाच्या जागी त्याचे गणिती प्रतिरूप बसवले होते, आणि प्रतिरूप फारच सद्‌वर्तनी होते. जे सॉफ्टवेअर पूर्वी उत्तम चालले ते पुढेही चालेल, हे गृहीतच तपासायचे राहून गेले. प्रोसेसरची नक्कल करून त्यावर अस्सल सॉफ्टवेअर चालवण्याचा जो आग्रह वर सांगितला, त्याचे महत्त्व या एका घटनेवरून पटावे.

चाचणी-उपग्रहाच्या बाबतीत सिम्युलेटरचे नाते दुहेरी असते. एकीकडे तो उपग्रहाच्या स्वारीची तयारी करून घेतो, तर दुसरीकडे उपग्रह त्याचे अज्ञान दूर करतो. जिओव्हे-एवर किरणोत्सर्ग मोजणारी दोन उपकरणे होती, कारण गॅलिलिओची कक्षा पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सर्गी पट्ट्यांतून जाते, आणि तेथे यंत्रांवर किती मारा होतो याचे त्या कक्षेतील प्रत्यक्ष माप हवे होते. दोन्ही उपग्रहांवर लेसरचा किरण आल्या वाटेने परतवणारे आरसेही होते. जमिनीवरून लेसर सोडून त्यांचे अंतर रेडिओच्या मदतीवाचून मोजता येई. हे का आवश्यक, याचे कारण मनोरंजक आहे. संदेश उशिरा आला, तर उपग्रह दूर गेला म्हणून की घड्याळ मागे पडले म्हणून, हे संदेशावरून कळत नाही. कक्षेची चूक घड्याळाच्या माथी आणि घड्याळाची चूक कक्षेच्या माथी सहज मारता येते. जगभर पसरलेल्या अनेक ग्राहक केंद्रांनी हे संदेश टिपून नेदरलँड्समधील प्रक्रिया केंद्राकडे पाठवावेत, तेथील प्रणालीने या दोन चुका विलग कराव्यात, आणि लेसरने त्यावर साक्ष द्यावी, अशी ही व्यवस्था होती. जिओव्हे-एचे आयुष्य सव्वादोन वर्षांचे धरले होते; युरोपीय अवकाश संस्थेने त्याला २०१२ मध्ये सेवेतून मुक्त केले, आणि त्यानंतरही गिल्डफर्डकरांनी त्याच्याकडून काम घेणे सोडले नाही. त्यावरील एका जीपीएस ग्राहकयंत्राने, स्वतः जीपीएस उपग्रहांहूनही उंचावर राहून, पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूने निसटून येणारे क्षीण संदेश पकडून आपली जागा काढून दाखवली. अखेर नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याचा कारभार बंद झाला.

तालमींचे चीज व्हावे असा प्रसंग गॅलिलिओमालेवर २०१४ साली आला. त्या वर्षी २२ ऑगस्टला निघालेले पाचवा व सहावा हे उपग्रह सोयूझच्या वरच्या टप्प्यातील दोषाने चुकीच्या कक्षेत पडले. थंडगार हेलियमच्या नळीलगत बसवलेली इंधनाची नळी गोठली होती. जवळजवळ वर्तुळाकार कक्षेऐवजी १३,७१३ पासून २५,९०० किलोमीटरांपर्यंत खालीवर होणारी लांबुळकी कक्षा त्यांच्या वाट्याला आली. पृथ्वीकडे रोखून दिशा धरणारे त्यांचे संवेदक गोंधळले, कारण इतक्या जवळून पृथ्वीचा गोल त्यांच्या अपेक्षेहून मोठा दिसू लागला. युरोपातील उड्डाण-पथकांनी नवा मार्ग आखला आणि तो हप्त्याहप्त्याने अमलात आणला: पाचव्यासाठी अकरा वेळा इंजिन चालवून, सहाव्यासाठी चौदा वेळा. कक्षा पूर्ववत झाली नाही, पण पुष्कळ सुधारली. आणि लांबुळक्या कक्षेत घड्याळाचा वेग दर फेरीला वरखाली होतो म्हणून भौतिकशास्त्रज्ञांनी त्याच दोन उपग्रहांवर आइनस्टाइनच्या सिद्धांताची कसोटी घेतली, जी १९७६ सालच्या प्रसिद्ध अग्निबाण-प्रयोगापेक्षाही सूक्ष्म ठरली.

आपल्या देशाच्या ‘नाविक’ या दिशादर्शक उपग्रहमालेचा कारभार कर्नाटकातील हासन आणि ब्यालालू येथून चालतो, आणि तेथील अनुभव या कहाणीपासून वेगळे नाहीत. २०१३ साली गेलेल्या आयआरएनएसएस-१ए या पहिल्या उपग्रहाची तिन्ही रुबिडियम घड्याळे काही वर्षांत बंद पडली. त्याच सुमारास गॅलिलिओच्या घड्याळांवरही संकट आले, आणि दोहोंकडची रुबिडियम घड्याळे एकाच स्विस कारखान्यातून आलेली होती. बंद पडलेल्या घड्याळाला कचेरीतून कितीही हुकूम सोडले तरी ते चालत नाही. पुढे मे २०२३ मध्ये एनव्हीएस-०१ स्वदेशी रुबिडियम घड्याळ घेऊन गेला. त्याच्या पाठचा एनव्हीएस-०२ हा २९ जानेवारी २०२५ रोजी श्रीहरिकोट्याच्या शंभराव्या उड्डाणातून वर गेला. सौरपंख उघडले, वीजपुरवठा चोख, संपर्क उत्तम. टेलिमेट्रीच्या बहुतेक रकान्यांत बोट ठेवायला जागा नव्हती. मात्र कक्षा उंचावण्यासाठी इंजिनाला ज्वलनकारक द्रव्य (ऑक्सिडायझर) पुरवणाऱ्या झडपा उघडल्या नाहीत. उपग्रह आपल्या लांबुळक्या प्रारंभिक कक्षेतच राहिला, आणि त्या कक्षेतून दिशादर्शनाचे नेमलेले काम होत नसल्याने त्याचा अन्य काय उपयोग करता येईल याचा विचार इस्रोने सुरू केला.